वाचकांचे प्रश्न : जुन्या हेवी मेटलसाठी कोणता पिकअप घ्यावा?

प्रश्न : मी जुळे सोलापूर भागात राहतो, अभियांत्रिकीला शिकतो आणि काही वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. ब्लॅक सॅबथ, ज्युडास प्रीस्ट आणि आयर्न मेडन यांचे १९७० ते १९८५ या काळातले वादन मला अतिशय आवडते आणि तसा नाद आपल्या गिटारमधून निघावा अशी इच्छा आहे. माझी गिटार साधी, स्थिर ब्रिजची आणि दोन हंबकरची, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या दोन वेटोळ्यांच्या पिकअपची, आहे. सोबत १५ वॉटचा सरावाचा अँप्लिफायर आणि एक डिस्टॉर्शन पेडल आहे. पेडल सुरू केले की खालच्या तारांवरच्या कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळतात आणि नुसती घरघर ऐकू येते. पुण्यातल्या एका विक्रेत्याने सांगितले की मेटल वाजवायचे असेल तर १६ किलोओहमच्या खालचा पिकअप घेऊच नये आणि बॅटरीवर चालणारा घेतला तर उत्तमच. मी कोणता पिकअप घ्यावा? गिटारचे मागचे झाकण उघडून काढलेले छायाचित्र सोबत जोडले आहे.

उत्तर : विक्रेत्याचा सल्ला तुमच्या आवडीच्या संगीताशी जुळत नाही, हे आधीच सांगतो. ज्या काळाचा नाद तुम्हाला हवा आहे, त्या काळात बॅटरीवर चालणारे पिकअप मेटल वाजवणाऱ्यांच्या हातात क्वचितच दिसत; त्यांचा बोलबाला झाला तो १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून. त्याआधीच्या वादकांचे पिकअप आजच्या मानाने मध्यम ताकदीचे होते आणि आवाज फाटत असे तो अँप्लिफायरमध्ये, व्हॉल्व्हवर (निर्वात नळ्यांवर) जोर आल्यामुळे. म्हणून पिकअप निवडताना तो किती जोरकस आहे याच्या आधी, आवाज फाटल्यावरही कॉर्डमधला प्रत्येक सूर तो किती स्पष्ट ठेवतो, हे पाहायला हवे. तुमची तक्रारही नेमकी स्पष्टतेचीच आहे.

थोडा इतिहास सांगणे येथे आवश्यक आहे, कारण निवड त्यावरच ठरते. गिब्सन कंपनीतले अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून तो पिकअप गिटारींमध्ये बसू लागला. त्याच्या दोन वेटोळ्यांत प्रत्येकी सुमारे ५,००० वळसे असत, म्हणजे एका पिकअपमध्ये जवळजवळ दीड किलोमीटर तार, आणि त्याचा रोध साधारण साडेसात ते साडेआठ किलोओहम भरत असे. जोरकस रॉकची पहिली पिढी याच पिकअपवर वाजली. टोनी आयोमी यांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. ब्लॅक सॅबथच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्या गिब्सन एसजीवर हंबकर नव्हताच. पी-९० जातीचे, एकाच वेटोळ्याचे पिकअप होते. पुढे ट्रेबल बूस्टर (वरचे सूर उचलणारे उपकरण) आणि लेनी कंपनीचा अँप्लिफायर अशी त्यांची मांडणी होती. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात बोटांची टोके गमावल्यामुळे ते हलक्या तारा वापरत आणि १९७१ च्या सुमारास त्यांनी तारा दीड स्वर खाली उतरवल्या. इतक्या खालच्या पट्टीतही त्यांचे कॉर्ड चिखलासारखे होत नाहीत, कारण पिकअपमधून निघणारा आवाज मुळात स्वच्छ आहे आणि अँप्लिफायरकडे जाण्याआधी बूस्टरने त्याची वरची बाजू उचललेली आहे.

बदलून बसवायचा पिकअप ही कल्पनाच रुजली ती १९७२ मध्ये, जेव्हा लॅरी डिमार्झिओ यांनी ‘सुपर डिस्टॉर्शन’ बाजारात आणला. त्यात अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाऐवजी सिरॅमिक चुंबक आहे आणि रोध पावणेचौदा किलोओहमच्या जवळपास आहे. अँप्लिफायरच्या पहिल्या टप्प्यावरच जास्त जोर पडावा, या हेतूने तो बनवला होता. त्या काळच्या बहुतेक अँप्लिफायरना आजच्यासारखे गेनचे, म्हणजे आवाज किती फाटावा हे ठरवणारे, वेगळे बटण नव्हते (मार्शलचा मास्टर व्हॉल्यूम असलेला १०० वॉटचा २२०३ आला तो १९७५ मध्ये), त्यामुळे गिटारकडूनच थोडा जास्तीचा रेटा मिळणे मोलाचे होते. आयर्न मेडनचे डेव्ह मरे यांच्या स्ट्रॅटोकास्टरवर ब्रिजपाशी हाच पिकअप होता. त्या बँडच्या सुरुवातीच्या वादनातली दोन गिटारींची जोडधून कान देऊन ऐकली, तर दोन्ही सूर वेगवेगळे मोजता येतील इतका आवाज मोकळा असल्याचे लक्षात येईल.

आता किलोओहमविषयी. विक्रेते हा आकडा ताकदीचे माप म्हणून सांगतात, पण तो फक्त तारेचा रोध आहे. सोलापूरच्या वाचकाला सुताचा काउंट समजावून सांगायला नको: काउंट जितका मोठा, तितके सूत बारीक. पिकअपच्या तारेच्या गेजचेही तसेच असते. ४२ गेजची तांब्याची तार सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची, तर ४४ गेजची सुमारे ०.०५ मिलिमीटरची, आणि तेवढ्याच लांबीला ४४ गेजचा रोध ४२ गेजच्या दीडपटीहून अधिक भरतो. म्हणजे वळसे तेवढेच ठेवून केवळ बारीक तार घेतली, तरी आकडा फुगलेला दिसतो. आणखी एक उदाहरण पाहा. सेमूर डंकन कंपनीचे ‘जेबी’ आणि ‘डिस्टॉर्शन’ हे दोन्ही पिकअप साडेसोळा किलोओहमच्या आसपास आहेत; पण पहिल्यात अल्निको ५ आणि दुसऱ्यात सिरॅमिक चुंबक असल्यामुळे दोघांची ताकद आणि स्वभाव स्पष्टपणे वेगळे आहेत. आकडा सारखा असूनही निवड सारखी ठरत नाही.

स्पष्टतेच्या दृष्टीने अधिक उपयोगी माप आहे ते इंडक्टन्सचे (वेटोळे बदलत्या प्रवाहाला किती विरोध करते त्याचे, एकक हेन्री), आणि काही उत्पादक ते देतातही. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची धारकता मिळून एक शिखर तयार होते, म्हणजे एका ठरावीक कंप्रतेला आवाज सर्वांत उठून येतो, आणि त्याच्या वरचे सूक्ष्म ध्वनी झपाट्याने गळून पडतात. साडेचार हेन्रीचा पिकअप आणि पाच-सहा मीटरची साधी केबल असेल, तर हे शिखर सुमारे ३ किलोहर्ट्झवर येते. आठ हेन्रीचा पिकअप घेतला तर तेच सव्वादोन किलोहर्ट्झच्या जवळ उतरते. प्लेक्ट्रमचा (तार छेडायच्या नखीचा) तारेवर होणारा टणत्कार आणि कॉर्डमधल्या सुरांचे वेगळेपण बरेचसे याच पट्ट्यात असते. म्हणूनच अतिशय जोरकस पिकअप एकट्या सुरावर भरदार वाटतो, पण कॉर्डवर गच्च होतो.

मीटर लावून मोजणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांना ८ किलोओहम दाखवणारा पिकअप आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी ८.७ च्या आसपास दाखवेल. त्यावरून पिकअप बदलून मिळाला किंवा बिघडला असे समजू नये.

यानंतर तुमच्या छायाचित्राकडे वळतो, कारण त्यात खरी मेख आहे. दोन्ही पॉटच्या (आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या बटणांखालच्या रोधकांच्या) पाठीवर ‘बी२५०के’ असे छापलेले स्पष्ट वाचता येते. हंबकरसाठी ५०० किलोओहमचे पॉट वापरण्याची रीत आहे. २५० चे पॉट एका वेटोळ्याच्या, मुळात चुणचुणीत पिकअपसाठी असतात. हंबकरवर २५० चे दोन पॉट लावले की वर सांगितलेले शिखर दबते आणि सगळा आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा लागतो. नवा महागडा पिकअप आणून याच पॉटवर जोडला, तर तुमची तक्रार बऱ्याच अंशी तशीच राहील. म्हणून पहिला खर्च पॉटवर करा: ५०० किलोओहमचे दोन पॉट, शक्यतो ‘ए’ वर्गाचे, म्हणजे आवाज हळूहळू वाढवत नेणारे. पिकअपच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

पॉट बदलल्यावर पिकअपची उंची बघा. सहावी आणि पहिली तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खिळ्यापर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. ब्रिजच्या पिकअपसाठी जाड तारेकडे सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे सुमारे १.६ मिलिमीटर हे सुरुवातीला योग्य अंतर आहे. नवशिके वादक जोर वाढावा म्हणून पिकअप तारांना चिकटेल इतका वर घेतात. त्यामुळे जाड तारांचा खर्ज बेसुमार वाढतो आणि तुम्ही वर्णन केलेली घरघर सुरू होते. जाड तारेकडचा स्क्रू एकेक फेरा सैल करत कॉर्ड ऐकत राहा. एका टप्प्यावर कॉर्डमधला पाचवा स्वर वेगळा ऐकू येऊ लागेल. तेथेच थांबा.

अँप्लिफायरवर बहुतेक तरुण वादक बेस आणि ट्रेबल पूर्ण उघडतात आणि मिडल शून्यावर आणतात. जुन्या मेटलचा नाद याच्या अगदी उलट आहे: त्याचे सगळे बळ मधल्या सप्तकात आहे. मिडल सातच्या पुढे, बेस चारच्या खाली आणि पेडलचा गेन तुम्ही सध्या ठेवता त्याच्या निम्मा, अशी मांडणी करून पाहा. डिस्टॉर्शन पेडलच्या आधी १९७९ च्या ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल जोडला, त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवली, तर खर्ज छाटला जातो, मध्य उचलला जातो आणि आयोमींच्या बूस्टरने होणाऱ्या कामाच्या पुष्कळ जवळ जाता येते. १५ वॉटच्या लहान स्पीकरमधून मोठ्या कॅबिनेटचा छातीवर आदळणारा खर्ज निघणार नाही आणि कोणताही पिकअप तो काढून देणार नाही. परंतु स्पष्टता मात्र नक्की मिळवता येते.

एवढे करूनही पिकअप बदलावासा वाटला, तर माझे मत असे आहे. तुमची ओढ मुख्यतः प्रीस्ट आणि मेडनकडे असेल, तर ब्रिजला डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन बसवा. त्याला भरपूर जोर आहे, मध्य जाड आहे आणि तरीही कॉर्ड उघडा राहतो. त्या काळाचा नाद घडवण्यात त्याचा प्रत्यक्ष वाटा होता, हेही एक कारण आहे. सॅबथकडे अधिक ओढ असेल, तर आठ-नऊ किलोओहमचा, अल्निको ५ चा, जुन्या हंबकरच्या धाटणीचा पिकअप घ्या, उदाहरणार्थ सेमूर डंकनचा ‘’५९’. किंवा हंबकरच्या मापात मिळणारा पी-९० जातीचा पिकअप घ्या, मात्र त्याच्यासोबत येणारी गुणगुण सोसण्याची तयारी हवी. ‘जेबी’ हा उत्तम पिकअप आहे, पण त्याचा वरचा मध्य धारदार आहे. मुळात तीक्ष्ण वाजणाऱ्या गिटारवर आणि तुमच्यासारख्या छोट्या स्पीकरवर तो कानाला टोचतो. नेकचा पिकअप तूर्त आहे तसाच राहू द्या. पॉट बदलल्यावर तोही उजळेल आणि सोलोसाठी पुरेसा ठरेल.

बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपला मी कमी लेखत नाही. ईएमजी ८१ हा घट्ट, स्वच्छ आणि कमी गुणगुणीचा पिकअप आहे आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या वेगवान मेटलचा तो कणा राहिला आहे. पण त्याला २५ किलोओहमचे पॉट, ९ व्होल्टची बॅटरी आणि ती ठेवायला गिटारमध्ये जागा लागते. शिवाय बोटांचा जोर कमी-जास्त केल्यावर जुन्या मांडणीत आवाजाचा पोत जसा बदलतो, तसा त्यात बदलत नाही. तुम्हाला हव्या असलेल्या वादनात तो बदल फार महत्त्वाचा आहे.

मागवण्यापूर्वी ब्रिजच्या पिकअपच्या वर, पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. ते ५० मिलिमीटरच्या जवळ असेल तर नेहमीच्या मापाचा पिकअप घ्या आणि ५२ च्या पुढे असेल तर रुंद मापाचा, ज्याला डिमार्झिओ कंपनी ‘एफ-स्पेस्ड’ म्हणते. जुना पिकअप टाकून देऊ नका. गिटार विकायची वेळ आली तर तो मूळ रूपात परत बसवता येतो.

सोल्डरिंग बाहेर करून घेणार असाल तर एक सूचना आहे. नवी पेठेत मोबाइल दुरुस्त करणारे कारागीर हाताचे पक्के असतात, परंतु त्यांचे बारीक टोकाचे सोल्डरिंग गन हलक्या कामासाठी असते. पॉटच्या धातूच्या पाठीवर अर्थची तार जोडायला ४० ते ६० वॉटचे, जाड टोकाचे गन लागते. नाहीतर कथील वरवर चिकटते आणि काही दिवसांत सुटते, किंवा तापवत राहिल्याने आतला पॉटच खराब होतो. काम सांगताना हे आवर्जून बोलून घ्या.

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि घरामागे यंत्रमागाची शेड आहे. शेड चालू असताना माझ्या गिटारमधून सतत गुणगुण येते आणि मधूनच कडकड होते. गिटारला एका वेटोळ्याचे तीन पिकअप आहेत. हंबकर बसवल्यास हा त्रास थांबेल का?

उत्तर : काही अंशी थांबेल. त्रास दोन-तीन प्रकारचा आहे आणि हंबकर त्यांपैकी एकाच प्रकारावर इलाज करतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर यांच्याभोवती त्याच गतीने बदलणारे चुंबकीय क्षेत्र असते आणि ते पिकअपच्या वेटोळ्यात गुणगुण निर्माण करते. हंबकरमध्ये दोन वेटोळी उलट दिशांची आणि चुंबकाची टोकेही उलट असल्यामुळे तारेचा आवाज एकत्र होतो आणि ही गुणगुण परस्परांना मारते. गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. एखाद्या दिशेला गुणगुण जवळजवळ नाहीशी होत असेल, तर ती याच प्रकारची आहे आणि हंबकरने निश्चित फरक पडेल. लाकूड न कोरता बसावेत म्हणून एका वेटोळ्याच्या मापात दोन वेटोळी बसवलेले पिकअपही मिळतात.

तारांना हात लावल्यावर जो भणभणाट कमी होतो, तो मात्र विद्युत क्षेत्राचा असतो आणि आवरण नसलेल्या गिटारमध्ये हंबकर असला तरी तो राहतो. त्यासाठी पिकअपची आणि पॉटची पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने आतून मढवावी, पट्ट्यांचे सांधे कथिलाने जोडावेत आणि सगळे आवरण अर्थला जोडावे. हे काम वेळखाऊ आहे, पण खर्च थोडा येतो आणि गुण चांगला येतो.

माग सुरू किंवा बंद होतानाची कडकड बहुधा विजेच्या तारांमधून थेट अँप्लिफायरमध्ये येते. ती पिकअपने जाणार नाही. घरातल्या सॉकेटचे अर्थिंग जाणकार वायरमनकडून तपासून घ्या. गुणगुण कमी व्हावी म्हणून अँप्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढण्याचा सल्ला काही जण देतात. तसे कधीही करू नये, कारण गिटारच्या तारा त्या अर्थलाच जोडलेल्या असतात आणि अँप्लिफायरमध्ये बिघाड झाल्यास वीज थेट वादकाच्या हातात उतरते. तार आणि माइक यांना एकाच वेळी स्पर्श झाल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तपासणी होईपर्यंत वाजवणे थांबवा.

प्रश्न : ब्रिजला डिमार्झिओचा आणि नेकला सेमूर डंकनचा पिकअप बसवला. दोन्ही वेगवेगळे छान वाजतात, पण स्विच मध्ये ठेवला की आवाज पातळ आणि नाकातून आल्यासारखा होतो. पिकअप सदोष आहे का?

उत्तर : पिकअप सदोष नाही, दोघांचा फेज उलटा जोडला गेला आहे, म्हणजे एकाचा संकेत दुसऱ्याच्या उलट जाऊन दोन्ही एकमेकांना मारतात. या दोन कंपन्यांच्या तारांचे रंग सारखे दिसतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. डिमार्झिओमध्ये लाल तार मुख्य असते, काळी आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या असतात आणि हिरवी व उघडी तार अर्थला जाते. सेमूर डंकनमध्ये काळी तार मुख्य असते, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या असतात आणि हिरवी व उघडी तार अर्थला जाते. जोडणी या रंगांप्रमाणे आहे का, ते प्रथम पाहा. दोन वेटोळ्यांपैकी एक मुके राहिले असेल तरीही आवाज पातळ होतो, म्हणून अँप्लिफायर हळू आवाजात चालू ठेवून प्रत्येक ओळीतल्या खिळ्यांवर स्क्रू-ड्रायव्हरने अलगद टकटक करा. दोन्ही ओळींवर सारखाच ठोका ऐकू यायला हवा. रंग बरोबर असून आणि दोन्ही ओळी बोलत असूनही मधल्या जागी आवाज पातळ राहिला, तर दोहोंपैकी एकाच पिकअपची मुख्य तार आणि हिरवी तार यांची अदलाबदल करा. उघडी तार मात्र अर्थलाच राहू द्या, कारण ती वेटोळ्याची नसून आवरणाची तार आहे.